प्रलयाच्या दोन हकिकती

वडनेर
१२ जानेवारी २०२५

प्रिय दीपमालाताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र पाहून दचकू नको, सगळे ठीक आहेत. माझ्याकडे मोबाईल नाही, एवढंच. बाबांनी तुला सांगितलं असेल की पोट्ट्याने रागाने मोबाईल विहिरीत फेकला. तसं नाही. रागाने फेकला हे खरं, पण विहिरीत नाही फेकला. मी ज्या बाजूला फेकला त्या बाजूला विहीर होती. मयुरीने नंबर ब्लॉक केल्यावर माणूस दिशा पाहत बसत नाही.

इथे बरं चाललं आहे. सकाळी गुलाबमामांच्या वावरात वांगी तोडायची, बाजाराच्या दिवशी हिंगणघाटला न्यायची. जी विकली जात नाहीत ती अन्नपूर्णामामी रांधते. बाजार सध्या मंदा आहे, त्यामुळे आम्ही खूप वांगी खाऊन राहिलो.

कॉलेज सोडलेल्या भाच्याला नुसतं वावरात ठेवू नये म्हणून मामांनी मला आणखी एक काम लावलं. ते मास्तरकीतून रिटायर झाल्यापासून पुस्तक लिहून राहिले, हे तुला माहीत आहे. मले वाटलं होतं शाळेच्या आठवणी असतील. ते निघालं यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांवर. ते ग्रंथ कसे घडले, कोणी लिहिले, कसे टिकले, पोरांना कसे शिकवले. मी मामांना म्हटलं, वडनेरात एकही यहुदी नाही. ते म्हणाले, वडनेरात एकही डायनासोर नाही, तरी मी तीस वर्षं शिकवलाच ना बावा.

त्यांचं म्हणणं असं की सगळेच जुने ग्रंथ आधी तोंडात असतात, मग हातात येतात. आपले पाली ग्रंथसुद्धा किती पिढ्या भिक्खूंच्या पाठांतरातच होते. पण यहुद्यांच्या ग्रंथांत सांधे उघडे दिसतात, म्हणून ते शिकायला बरे. सांधे म्हणजे काय, ते मी अजून विचारलं नाही. विचारलं की जेवण थंड होते.

मामांचा हात आता थरथरतो. अक्षर वाचणारे दोघेच, ते आणि मी. म्हणून पक्की प्रत मी करायची, ती हिंगणघाटच्या छापखान्यात जाणार, आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी तुमच्या पुलगावच्या विहारात पुस्तकाचं प्रकाशन. आणि प्रत करायची ती यहुदी लेखनिकांच्या रीतीने. समोरचा शब्द पाहायचा, तोंडाने मोठ्याने म्हणायचा, मग लिहायचा. डोक्यातून एक अक्षर लिहायचं नाही, पाठ असलं तरी. मामी म्हणते का घरात आता दोन मास्तर झाले, एक बोलणारा आणि एक बडबडणारा.

आता मुद्द्याचं. माझ्या आणि मयुरीच्या भांडणाबद्दल तुला जे माहीत आहे ते बाबांकडून, म्हणजे चूक. खरं असं झालं. वर्ध्याला वर्गात आमच्या दोघांचं मिळून सादरीकरण होतं, जिल्ह्यातल्या जुन्या तलावांवर. मी बोलून राहिलो होतो. मयुरी मध्येच उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की हा सन चुकला. वर्ग हसला. तीही हसली. मी फाईल टेबलावर ठेवली, जरा जोरात, आणि बाहेर पडलो. पडलो तो पडलोच. एवढ्या अपमानानंतर कोण परत जाईल ते सांग.

हेच मी सोबतच्या चिठ्ठीत नीट लिहिलं आहे. ती रविवारी वसतिगृहातून घरी येते, तुझ्या मागच्याच गल्लीत. चिठ्ठी तिच्या हातात देजो, तिच्या आईच्या नाही. तिच्याशिवाय माझं काही खरं नाही, ताई. हे तू तिला सांगू नको. सांगितलंस तरी चालेल.

भाऊजींना जयभीम. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझा,
रत्नदीप

---

पुलगाव
२१ जानेवारी २०२५

चि. रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने ते देताना मला विचारलं की कोर्टाचं आहे का. मी म्हटलं, जवळजवळ.

तुझ्या भाऊजींनी विचारलं आहे की यहुदी म्हणजे पारशीच का. मी नाही म्हटलं. पुढे त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं, तेव्हा मामांचं पुस्तक लवकर येऊ दे.

मयुरी रविवारी आली होती. मी अंगणात सांभाराची जुडी निवडत होते, तीही बसली. चिठ्ठी दिली. तिने पूर्ण वाचली, घडी केली, परत दिली (ती सोबत पाठवते) आणि म्हणाली की असं झालंच नाही. मग कसं झालं ते तिने सांगितलं, आणि मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण तू मला मागाहून म्हणशील की ताईने मीठमसाला लावला.

मयुरी म्हणते: सन चुकला आहे हे तिने तुला आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालास, तू मध्ये बोलू नको, मी पाहून घेतो. वर्गात ती स्वतःहून उभी राहिली नाही, सरांनी तिला उभं करून विचारलं. ती हसली नाही. रत्नदीपने फाईल फेकली. ती तिच्या डब्यावर लागली आणि भाजी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या ओढणीवर सांडली. आणि जाताना तू दारातून म्हणालास की गेल्या वर्षी माझ्या नोट्स नसत्या तर ही नापास झाली असती. तू निघून गेल्यावर अर्धं राहिलेलं सादरीकरण तिने एकटीने पूर्ण केलं, ओढणी धुऊन आणल्यावर.

हे नोट्सचं वाक्य तुझ्या चिठ्ठीत नाही, रत्नदीप. मी शोधलं.

तिने निरोप दिला आहे की जे झालं ते लिहिणार असशील तरच यापुढे काही पाठव, नाहीतर कागद वाया घालवू नको.

दुसरं. हे मी सांगणार नव्हते. तिच्यासाठी लष्कराच्या डेपोत नोकरीला लागलेल्या एका मुलाचं स्थळ आलं आहे. कायम नोकरी, पुलगावातच घर. तिच्या वडिलांनी मुलाकडच्यांना जयंती झाली की उत्तर देऊ म्हणून सांगितलं आहे. मयुरी अजून हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

बाबांवर रागावू नको. त्यांनी तुझा कॉलेजचा दाखला अजून काढून आणलेला नाही. विचारलं तर म्हणतात, वेळ मिळाला नाही. ते घरीच असतात.

जपून राहा. माझी माया तुझ्या डोक्यावर आहेच, ते डोकं तेवढं थंड ठेव.

तुझी,
दीपमालाताई

---

वडनेर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

डेपोवाला. ठीक आहे. मी शांत आहे. तुझं पत्र वाचल्यावर मी वांग्याची पूर्ण ओळ निंदून काढली, त्यात काही वांगीही निघाली, मामांना अजून दिसलं नाही.

मयुरीने फाईल फेकली म्हटलं. फेकणं आणि ठेवणं यात फक्त उंचीचा फरक असतो. सरांनी उभं केलं म्हणते, तर सरांनी उभं केल्यावर गप्प बसता येत नाही का? मी शाळेत किती वेळा बसलो आहे. आणि डबा टेबलावर काऊन ठेवला होता? टेबल काय जेवायचं असते? ओढणीचं मले माहीतच नव्हतं. नोट्सचं मी बोललो असेन. रागात माणूस इतिहास सांगत नाही.

इथे एक भानगड झाली आहे. प्रत करताना माझी पानं चुकतात. मी ती फाडायला घेतली तर मामांनी हात धरला. यहुद्यांमध्ये ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो टाकत नाहीत, जाळत नाहीत. बिघडलेली, जुनी झालेली पानं एका खोलीत साठवतात आणि नंतर माणसासारखी मातीत पुरतात. मामांच्या पुस्तकात देव पानोपानी आहे. मामा स्वतः देव मानत नाहीत हे तुला माहीत आहे. तरी म्हणाले, ज्याचं घर त्याची रीत.

म्हणून मी चुकलेली पानं एका मडक्यात भरली, तोंड फडक्याने बांधलं आणि निंबाच्या झाडाखाली पुरलं. मडकं ही माझी कल्पना. मृत समुद्राजवळच्या गुहांत त्यांच्या ग्रंथांच्या गुंडाळ्या सापडल्या, काही मातीच्या मडक्यांत, दोन हजार वर्षं टिकलेल्या. मेंढपाळाच्या पोराला सापडल्या म्हणतात. तोवर हिब्रूतली जी जुन्यात जुनी प्रत माहीत होती, तिच्याहून या हजार वर्षांनी जुन्या, आणि मजकूर बराचसा तोच. मामा म्हणाले, आपल्याकडे पाऊस पडते, तू एवढी आशा ठेवू नको.

तर शेजारच्या तानाबाईंनी कुंपणावरून पाहिलं की गुलाब मास्तरचा भाचा तोंड बांधलेलं मडकं पुरून राहिला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की पोट्ट्याने एका पोरीपायी करणी केली. पोरीपर्यंत त्यांचं बरोबर आहे. आता आमच्याकडे कोणी विरजण मागायला येत नाही. मामी म्हणते, राहू दे तिथंच, दही वाचून राहिलं.

आणि एक गोष्ट तुलाच सांगतो. मामांचं वय झालं, ताई. जलप्रलयाच्या प्रकरणात त्यांनी मूळ मजकुराचं भाषांतर दिलं आहे. प्रलयातून वाचायला नाव बांधणाऱ्या नोआला देव म्हणतो की प्रत्येक प्राण्याची एक जोडी नावेत घे. चार ओळी खाली म्हणतो, शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या घे. एका ठिकाणी पाऊस चाळीस दिवसांचा, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढलेलं. उताऱ्यात गडबड झाली असेल. मी काही बोललो नाही, त्यांना वाईट वाटलं असतं. प्रत करताना सगळीकडे एक जोडी आणि चाळीस दिवस करून टाकलं. आता कसं सुतासारखं सरळ वाचता येते. ती पानं छापखान्यात गेलीसुद्धा.

तीच युक्ती मी आमच्या भांडणालाही लावली. सोबत नवी चिठ्ठी आहे. तिचं आणि माझं जुळवून एकच हकिकत केली, दोघांचा मान राहील अशी. फाईल ठेवतानाच निसटली. मयुरी हसली, पण वाईट मनाने नाही. नोट्सचं वाक्य झालं, पण हळू. डब्याचं कोणाकडेच नको म्हणून काढून टाकलं. यात तिने चूक काढून दाखवावी.

तुझा जीव माझ्यावर असू दे, आणि चिठ्ठी लवकर दे, डेपोवाल्याच्या आधी.

तुझा,
रत्नदीप

---

पुलगाव
११ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

चिठ्ठी दिली. मयुरीने ती दोनदा वाचली. मला वाटलं, पटली. मग म्हणाली की हे त्याचं नाई, माझं बी नाई, मग हे झालं तरी कोणाले? चिठ्ठी तिने परतसुद्धा दिली नाही, माझ्या सांभाराच्या काड्यांत ठेवून गेली.

दाराशी थांबून आणखी एक बोलली, ते तुझ्यासाठी नव्हतं पण लिहिते. म्हणाली, भांडणाऱ्या माणसाचं मले काही वाटत नाई ताई, मी बी भांडते. पण जो भांडण अर्धं टाकून उठून जाते, त्याच्यासंगं काय करावं माणसाने? भिंतीशी भांडावं?

मुलाकडचे येऊन गेले. मलाही बोलावलं होतं पोहे वाढायला. मुलगा शांत आहे. काहीही विचारलं की आधी आईकडे पाहतो, मग हो म्हणतो. मी विचारलं, आणखी पोहे वाढू का, तरी पाहिलं. त्यांना लग्न मे महिन्यातच पाहिजे. मुलगा वाईट नाही, रत्नदीप. तुझ्या दृष्टीने हीच वाईट बातमी.

मला भीती वाटते की तू हे वाचून काहीतरी करशील. करू नको. आधी जेव. मामीच्या हातचं वांगं का होईना.

माझा लोभ कमी होणारा नाही, तो तू गृहीतच धरला आहेस.

तुझी,
दीपमालाताई

---

वडनेर
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. जावई प्रफुलरावांना नमस्कार सांगावा.

पत्र लिहिण्याचं कारण तुझा भाऊ; सांगतो मी आहे, अक्षर मामीचं. प्रकृती उत्तम आहे. काळजी प्रकृतीची नाही.

छापखान्यातून जलप्रलयाच्या प्रकरणाची कच्ची छपाई तपासायला आली. वाचताना ध्यानात आलं की चिरंजीवांनी एक आणि सात जोड्यांचा वाद मिटवला आहे. चाळीस आणि दीडशे दिवसांचाही. दोन हजारांवर वर्षं जो मिटवायला कोणी धजावलं नाही, तो वडनेरात एका दुपारी मिटला. खाली माझं विवेचन आहे की पाहा, इथे दोन हकिकती कशा शेजारी ठेवल्या आहेत; आणि वर एकच हकिकत, अगदी गुळगुळीत. वाचकाला वाटलं असतं की मास्तरला दोन दोन दिसतात.

मी त्याला विचारलं, असं का केलं? तो म्हणाला, विसंगती होती. मी म्हटलं, बाबा रे, विसंगती हेच तर प्रकरण आहे.

तुलाही थोडक्यात सांगतो, कारण तू त्याच्यापेक्षा लहानपणी जास्त ऐकायचीस. अभ्यासकांचं म्हणणं आहे की तोरा नावाचा त्यांचा मुख्य ग्रंथ एका हातचा नाही. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या लोकांत सांगितल्या जाणाऱ्या हकिकती पुढे कोणीतरी एकत्र शिवल्या. शिवणाऱ्यांना त्या जुळत नाहीत हे कळत नव्हतं असं नाही. एक आणि सात त्यांनाही मोजता येत होते. पण दोन्ही वाडवडिलांकडून आलेल्या. कोणाच्या वडिलांचं पुसायचं? म्हणून दोन्ही ठेवल्या. श्रद्धाळू यहुदी हे मानत नाहीत. ते म्हणतात, ग्रंथ एकच, आणि अडखळायला लावणारी जागा आपण विचार करावा म्हणूनच ठेवलेली आहे. तेही मी लिहिलं आहे. पण अडखळायची जागा बुजवायची नाही, यावर दोन्हीकडचे एक. मागाहूनच्या प्रत करणाऱ्यांना जिथे शब्द खटकला तिथेसुद्धा त्यांनी तो तसाच ठेवला आणि आपलं म्हणणं बाजूच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं. त्यांच्या पाठशाळांत आजही दोघं दोघं समोरासमोर बसून याच जागांवर आवाज चढवून वाद घालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सोबत्यासमोर बसतात.

हे सगळं मी त्यालाही सांगितलं. अर्ध्यात तो ओरडला की मग मला आधी का नाही सांगितलं, आणि उठून वावरात निघून गेला. संध्याकाळी परत आला, कारण मोटर बंद करायची होती. सकाळी पाहिलं तर ते प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसला होता. छापखानेवाला मला बोलला, तो भाग मी त्याला सांगितलेला नाही.

पोरगा तापट आहे, मठ्ठ नाही. मठ्ठ असता तर चूक सापडलीच नसती.

आमच्यावर जीव ठेवता, तसाच ठेवा.

तुझा मामा,
गुलाब

---

वडनेर
९ मार्च २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

मामांनी तुला लिहिलं हे मामीने सांगितलं. त्यांनी काय लिहिलं ते मी विचारत नाही. छापखान्यात मी स्वतः जाऊन आलो. छापखानेवाल्याने मला दोन गोष्टी सुनावल्या, मी एकीचंच उत्तर दिलं. ही प्रगती आहे.

प्रकरण पुन्हा लिहून झालं. एक जोडी जिथे एक आहे तिथे एक, सात जिथे सात तिथे सात. हात जायचा, ताई. सात आले की बोटं आपोआप एककडे वळायची. मग मोठ्याने म्हणायचं, सात, आणि सातच लिहायचं. मामांच्या या रीतीमागचं कारण मले आता समजलं. माणसाचं डोकं लई मदत करते, न मागता.

ते संपल्यावर मी तुझं एकवीस जानेवारीचं पत्र काढलं, मयुरीचं म्हणणं असलेलं. ठरवलं की तेही तसंच उतरवायचं. वाचायचं, म्हणायचं, लिहायचं. आपलं एक अक्षर घालायचं नाही. ओसरीत बसलो होतो. मी मोठ्याने म्हटलं, रत्नदीपने फाईल फेकली. आतून मामीने विचारलं, कोणती फाईल बे? मी पुढे म्हटलं, भाजी ओढणीवर सांडली. मामी बाहेर आली. कुंपणापलीकडे तानाबाई काम थांबवून उभ्या राहिल्या. मी तसंच नोट्सच्या वाक्यापर्यंत गेलो. तिथे थांबलो. मामी म्हणाली, वाच ना, आता काऊन थांबला? मग वाचलं. लिहिलंही. मामी आत गेली आणि मला वांग्याऐवजी अंड्याची पोळी करून दिली. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

सोबत एकच मोठा कागद आहे, मधोमध रेघ. डावीकडे माझी हकिकत, पहिल्या चिठ्ठीतली, आहे तशी. उजवीकडे तिची, तिने सांगितली तशी. मध्ये शिवण नाही.

तिचं मला पटलं म्हणून मी लिहिलं नाही, हे तिला स्पष्ट सांगजो. ती हसली, हे मी अजूनही म्हणतो. पण तिचं आहे म्हणून लिहिलं. चारी बाजूंना कागद कोरा सोडला आहे.

कॉलेजच्या परीक्षेला बसू का, ते मी मामांना विचारलं आहे, तूही सांगजो. डेपोवाल्याचं काय झालं ते मी विचारत नाही. म्हणजे विचारून राहिलो.

माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण लोभ त्या रागाच्या शेजारी तसाच राहू दे.

तुझा,
रत्नदीप

---

पुलगाव
३० मार्च २०२५

चि. रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

उशीर झाला, कारण कागद तिच्याकडेच होता. तिने तो माझ्यासमोर वाचला नाही. वसतिगृहावर घेऊन गेली. एका रविवारी आली तेव्हा मी विचारलं, ती म्हणाली, वाचून राहिली. आज घेऊन आली.

समास भरले आहेत. तुझ्या बाजूला बारीक अक्षरात आक्षेप. फाईल जरा जोरात ठेवली याच्या पुढे लिहिलं आहे, किती फुटांवरून? अपमान याच्या पुढे, कोणाचा? तिच्या बाजूच्या नोट्सच्या वाक्याजवळ मात्र काहीच लिहिलेलं नाही, नुसती रेघ आहे. आणि स्वतःच्या बाजूला, ती हसली नाही याच्या शेजारी, तिने लिहिलं आहे: थोडी हसली. घाबरून. मी कागद पाठवत नाही, तिने सांगितलं की तो तिचा आहे आणि तिला परत पाहिजे.

आता डेपो. तिने वडिलांना जयंतीची वाट न पाहता नाही सांगितलं. मुलाकडच्यांना मेमध्ये लग्न पाहिजे, तिला नागपूरला एम.ए. करायचं आहे. वडील दोन दिवस वेगळे बसून जेवले, तिसऱ्या दिवशी एम.ए.ला खर्च किती म्हणून विचारलं. तुझा यात काही संबंध नाही असं तिने मला दोनदा बजावलं. एकदाच सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला असता.

पण तू हवेत जाऊ नको. नकार त्याला आहे, होकार तुला नाही. जयंतीला ती विहारात येणार आहे, मामांचं पुस्तक ऐकायला. मामांनी कळवलं आहे की त्यांचा आवाज माइकवर टिकत नाही, प्रलयाचं प्रकरण तूच वाचायचं. मयुरी म्हणाली, मी समोर बसीन आणि पटलं नाई तिथं बोलीन. म्हणाली, पाहू किती वेळ थांबते.

स्वच्छ सदरा घालून ये. माझी माया घरीच ठेवलेली असते, येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
दीपमालाताई

---

वडनेर
१७ एप्रिल २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

विहारातलं तू पाहिलंसच. त्यातलं मी फक्त एवढंच सांगतो की मयुरी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा माइकची दांडी मी कशासाठी धरली होती. फेकायला नाही, आधाराला. भाऊजींनी पुढे येऊन ती दुसऱ्या बाजूने धरायची गरज नव्हती. मामा मात्र खुश आहेत. येताना बसमध्ये म्हणाले की वाचन बरं झालं, पण आक्षेप जास्त चांगले होते.

तू भोजनदानात अडकली होतीस, आणि नंतर तुला काही सांगायला वेळ मिळाला नाही. मयुरीला संध्याकाळच्या गाडीने वर्ध्याला वसतिगृहावर जायचं होतं. तिची बॅग जड होती, असं मी ठरवलं आणि स्टेशनापर्यंत घेतली. गाडीला वेळ होता. बाहेरच्या टपरीवर आम्ही बाकावर बसलो. चहा तिने सांगितला.

पहिला कप आम्ही फुंकून फुंकून प्यायलो. मग ती म्हणाली की तुझ्या मामाजींचं कावळ्याचं मले नाई पटलं. तुला आठवत असेल, पाणी ओसरलं का पाहायला नोआ आधी कावळा सोडतो आणि मग कबूतर, आणि मामांच्या मते कावळा एका हकिकतीचा, कबूतर दुसरीचं. मयुरी म्हणते, याला दोन लिहिणारे कशाला पाहिजेत? अक्कल असलेला एक माणूस पुरे आहे. कावळा काही सांगून राहिला नाही म्हणून त्याने कबूतर सोडलं. तिची आई उंदरासाठी आधी पिंजरा लावते आणि मग मांजर आणते, तर तिच्या घरी काय दोन आया आहेत?

मी म्हटलं, मग सात आणि एकचं काय? ती म्हणाली, आधी मोघम सांगितलं, मग खुलासा केला, तू बाजारात जाताना मामी नाई सांगत का, भाजी घेऊन जा, आणि दारातून ओरडते, वांगी दोन पाट्या? मी म्हटलं, मामी देव नाही. ती म्हणाली, तुले जेवू घालून राहिली, आणखी काय पाहिजे? मग ती तलावाच्या सनावर आली. मी म्हटलं, तो सन चुकला होता. मला वाटलं, आता भांडण संपलं. पण ती म्हणाली, मग आदल्या दिवशी फोनवर काऊन नाई ऐकलं? आणि आवाज चढला. माझाही चढला. टपरीवाल्याने रेडिओ बारीक केला.

ती म्हणाली, परीक्षेला बसायचं का नाई ते तू मामाजींना विचारते, ताईले विचारते, मले एकदा तरी विचारलं? मी म्हटलं, तुझा नंबर ब्लॉक होता. ती म्हणाली, तुझा विहिरीत होता. आजूबाजूचे लोक पाहत होते. माझं डोकं एवढं तापलं की कानात शिट्टी वाजून राहिली, आणि मी उठलो.

मयुरी बोलता बोलता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बॅग स्वतःच्या पायाजवळ ओढून घेतली.

शिट्टी कानातली नव्हती. गाडीच आली होती. तिने नुसती मान वळवली असती तरी तिला दिसली असती. मी टपरीवर गेलो, दोन चहा घेतले आणि परत येऊन बसलो. एक तिच्यासमोर ठेवला. हळू ठेवला.

ती म्हणाली, हं, कुठे होतो आपण? मी म्हटलं, फोनवर. गाडी सुटली.

घरच्या सगळ्यांना जयभीम. आम्हा दोघांवर लोभ असावा. दोघांवर, असं मी लिहिलं आहे ते तिला विचारून.

तुझा,
रत्नदीप